घरात घट आणि दारात टर्की

ताई,

मी मूळची सांगलीची. शिकायला कॅनडात आले आणि आता हॅमिल्टनला एका बँकेत नोकरी करते. नवरा अमेरिकन. त्याचे आईवडील सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोच्या दक्षिणेला राहतात, म्हणजे पूल ओलांडला की सासर. तो घरूनच एका अमेरिकन कंपनीचं काम करतो. सासरे शाळेत शिकवतात.

थँक्सगिव्हिंग म्हणजे सुगीचे आभार मानत टर्की नावाचा पक्षी भाजून खायचा सण. कॅनडाचं ऑक्टोबरात असतं, अमेरिकेचं नोव्हेंबरात. गेल्या ऑक्टोबरात मी मैत्रिणींना जेवायला बोलावलं होतं, नवरा पाच वाजेपर्यंत आतल्या खोलीत कॉलवर होता. नोव्हेंबरात दोन दिवस रजा टाकून बफेलोला गेले. मी शाकाहारी. बटाटे आणि पाव खाऊन उठले, वर स्टफिंग (पावाचं सारण) खाल्लं त्यात चिकनचं पाणी होतं हे नंतर कळलं. सासूबाई हसत म्हणाल्या, "तुमचं ऑक्टोबरचं म्हणजे रंगीत तालीम, खरं हेच." सगळ्यांनी आळीपाळीने आभार मानले, माझी पाळी आल्यावर मला काही सुचलंच नाही.

यंदा माझे आईबाबा चार महिने येताहेत. आई घरात घट बसवणार, ११ ऑक्टोबरला. थँक्सगिव्हिंग १२ला. आणि सासूबाईंनी जाहीर केलंय की यंदा त्या आमच्याकडे येणार, टर्की घेऊन, "कशी करतात ते दाखवायला". आई म्हणते, घट बसलेल्या घरात मांस शिजणार नाही. नवरा म्हणतो, माझ्या आईला नको कसं सांगू? शिवाय नोव्हेंबरात आईबाबांना घरी टाकून मी बफेलोला जाऊ का? त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही. कोणाला नाही म्हणू?

— एक वाचक, हॅमिल्टन

प्रिय वाचक,

ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करते.

तुझं सगळं पत्र आई आणि सासूबाई यांच्यात अडकलंय. मला मात्र मधलंच एक वाक्य बोचलं, जे तू जाता जाता लिहून टाकलंयस. ऑक्टोबरात घरी पाहुणे असताना नवरा पाचपर्यंत दार लावून कॉलवर होता, आणि नोव्हेंबरात तू दोन दिवस रजा टाकलीस. त्याच्या सणाला तुझी रजा, तुझ्या सणाला तो कामावर. 'रंगीत तालीम' हा शब्द सासूबाईंच्या तोंडून आला म्हणून तुला लागला, पण त्या दिवसाला तालमीची किंमत आधी तुमच्याच घरात मिळाली होती.

तो दुष्टपणाने असं वागला असेल असं मला वाटत नाही. त्याच्या कंपनीच्या यादीत त्या सोमवारी सुट्टी नसणार आणि त्याच्या डोक्यातही तो सोमवारच असणार. कॅनडात हे थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी येतं, ऑन्टारियोत अधिकृत सुट्टी असते, तुझी बँक बंद, बहुतेक मोठी दुकानंही बंद. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी. यंदा तो २६ तारखेला आहे. तिकडे लोक शुक्रवार जोडून चार दिवस मोकळे होतात, आणि तुझ्या हॅमिल्टनमध्ये मात्र तो साधा कामाचा गुरुवार.

म्हणून पहिला नियम तुमच्या दोघांतला, आणि तो आईबाबा विमानात बसायच्या आधी ठरवा: ज्याचा सण नाही, त्याने रजा घ्यायची. १२ ऑक्टोबरला त्याची रजा. लॅपटॉप बंद, सकाळपासून स्वयंपाकघरात. २६ नोव्हेंबरला तुझी. एकच दिवस. शुक्रवारची दुसरी रजा का टाकतेस? हॅमिल्टन ते बफेलो साधारण १०० किलोमीटर. सकाळी निघून जेवून रात्री घरी येता येतं. अमेरिकेतलं हे जेवण तसंही दुपारीच सुरू होतं, तीन-चारला सगळे टेबलावर असतात. आईबाबांना एकटं टाकायचा प्रश्नही इथेच मिटतो. एरवीच्या गुरुवारी तू बँकेत गेलीस तरी ते संध्याकाळपर्यंत एकटेच असतात ना? त्या दिवशी फार तर चार-पाच तास जास्त. डब्यात जेवण काढून ठेव, शेजारच्या कोणाचा तरी फोन नंबर लिहून फ्रीजवर लाव आणि निवांत जा.

आता सासूबाई. इथे कॅलेंडर तुझ्या बाजूने आहे. ऑक्टोबरातल्या त्याच सोमवारी अमेरिकेतही केंद्र सरकारची सुट्टी असते, कोलंबस डे. बऱ्याच ठिकाणी आता तो मूलनिवासींच्या नावाने पाळतात. खासगी कंपन्या चालू असतात, पण केंद्र सरकारच्या कचेऱ्या, बहुतेक बँका आणि तुझ्या सासरच्या न्यूयॉर्क राज्यातल्या बहुतेक शाळा बंद. म्हणजे तुझे सासरे मोकळे आहेत. नोव्हेंबरातला गुरुवार एकाच बाजूला सुट्टीचा असतो, ऑक्टोबरातला सोमवार दोन्ही बाजूंना. तेव्हा ऑक्टोबरात त्यांनी तुमच्याकडे यायचं आणि नोव्हेंबरात तुम्ही त्यांच्याकडे जायचं, यापेक्षा सरळ व्यवस्था मला सुचत नाही. त्या स्वतःहून येते म्हणताहेत, तर तोंडभर या म्हणा. फक्त टर्कीशिवाय.

आणि टर्की नको म्हणायचं कारण त्यांनीच देऊन ठेवलंय. ऑक्टोबरचं खरं नाही ना? मग त्यात टर्की नसली तर काय बिघडलं! सहा आठवड्यांनी खरं येतंच आहे, त्यांच्या घरी, त्यांच्या ओव्हनमध्ये. हे अर्थात त्यांना बोलून दाखवायचं नाही. तू आणि मी हसून घेऊ.

'खरं कुठलं' या वादातही शिरू नकोस, जरी तुझ्याकडे दारूगोळा भरपूर असला तरी. इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशरच्या लोकांनी १५७८मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात, आजच्या नुनावुतमध्ये, सुखरूप पोहोचल्याबद्दल देवाचे आभार मानले होते. अमेरिकेतल्या प्लिमथच्या इंग्रज वसाहतकऱ्यांची तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांसोबतची ती प्रसिद्ध मेजवानी १६२१ची. (त्या मेजवानीच्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. प्लिमथमध्येच १९७०पासून मूलनिवासी हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात.) अमेरिकेत लिंकनने १८६३मध्ये देशभर दिवस जाहीर केला, कॅनडाने १८७९पासून दरवर्षी पाळायला सुरुवात केली, पण तारीख भटकत राहिली. १९२१ ते १९३० तर कॅनडाचं थँक्सगिव्हिंगही नोव्हेंबरातच होतं, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या दिवसाला जोडलेलं. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार पक्का झाला १९५७मध्ये.

त्याहून गंमत म्हणजे सासूबाईंचा गुरुवारही काही दगडावरची रेघ नव्हता. १९३९मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. दुकानदारांना नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून अध्यक्ष रूझवेल्टने शेवटच्या गुरुवारचा सण एक आठवडा अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, आणि टेक्ससने दोन्ही दिवस साजरे केले. एकाच देशात दोन थँक्सगिव्हिंग! शेवटी १९४१मध्ये चौथ्या गुरुवारचा कायदा झाला. ही गोष्ट सासऱ्यांना माहीत असेल, जेवताना त्यांच्याकडून काढून घे. शिक्षक माणूस, खूश होईल. सासूबाईंना आपोआप ऐकू जाईल.

आपल्याला तर तारखा सरकण्याचं कौतुक असूच नये. यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून नवरात्र ऑक्टोबरात गेलं आणि तुझ्या सोमवाराला येऊन भिडलं. गेल्या वर्षी घट सप्टेंबरातच बसले होते. पुढच्या वर्षी दसरा थँक्सगिव्हिंगच्या आधी उरकलेला असेल, तेव्हा हा पेच तुझ्यासमोर दरवर्षी यायचा नाही.

घटाच्या बाबतीत मात्र मी तुझ्या आईच्या बाजूची आहे, आणि ती आई आहे म्हणून नव्हे. नऊ दिवस एका खोलीत दिवा तेवत ठेवायचा, माती-धान्याला पाणी घालायचं आणि शेजारच्या ओव्हनमध्ये चार-पाच तास पक्षी भाजायचा, हे तिला जमणार नाही. तिला तसं करायला लावून सण गोड व्हायचा नाही. काही जण सुचवतील की टर्की बाहेर बार्बेक्यूवर करा, किंवा गॅरेजमध्ये तळा, किंवा हॉटेलातून आणून वेगळ्या टेबलावर ठेवा. नको. असल्या तडजोडीत दोन टेबलं होतात, दोन टोळकी होतात, आणि तू दोन्हींकडे बशा पोचवत फिरतेस. शनिवारी-रविवारी उरकून घेऊ म्हणशील, कारण कॅनडात त्या तीन दिवसांतल्या कुठल्याही दिवशी जेवण करतात. पण शनिवारी सर्वपित्री अमावास्या आहे आणि रविवारी घटस्थापना. सोमवारच बरा. एकच टेबल, सगळं शाकाहारी.

सांगायचं कोणी? नवऱ्याने. त्याची आई आहे, फोन त्याचा. "माझी सासू नाही म्हणते" असं त्याच्या तोंडून एकदा जरी निघालं, तर दोन विहिणींचं पहिल्या भेटीआधीच फाटेल. त्याने म्हणायचं, "मॉम, त्या आठवड्यात आमच्या घरी देवीचे नऊ दिवस आहेत, घरात मांसमच्छी-अंडं काही नसतं. टर्की आम्ही तुझ्याकडेच खाऊ. तू अ‍ॅपल पाय आण." 'आमच्या घरी' हे दोन शब्द गाळू नकोस म्हणावं.

अ‍ॅपल पायच का? कारण त्यांना काम हवं. दाखवायला येणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने बसवलंस तर ती तुझ्या स्वयंपाकघरात सूचना देत उभी राहील. भोपळ्याच्या पायमध्ये अंडी असतात, त्यामुळे तो बाद. सफरचंदाच्या पायला अंडं लागत नाही, फक्त दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतील: पायचं कवच लोण्यातलं हवं, लार्डमधलं नको, कारण लार्ड म्हणजे डुकराची चरबी, आणि वरून अंड्याचा हात फिरवायचा नाही, दूध लावलं तरी रंग येतो. ऑक्टोबरात तिकडे सफरचंदांचाच हंगाम असतो.

बाकीचा बेत तुझ्या आईवर सोड. तिला उपास असेल तर ती रताळ्याचा कीस करेलच, आणि रताळं तर या सणाचं लाडकं आहे. तूप-जिऱ्यावरचा कीस पाहुण्यांनाही वाढ, दाण्याचा कूट घालण्याआधी कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का तेवढं विचार. लाल भोपळा त्या दिवसांत दुकानाबाहेर ढिगांनी पडलेला असतो. त्यातले कोरीव कामाचे मोठे भोपळे पाणचट लागतात, घारग्यांना लहान गोडे भोपळे घे. किसून, गुळात शिजवून, कणकेत मळून तळलेले घारगे सासऱ्यांनी एकदा खाल्ले की पुढच्या वर्षी तेच मागतील. मसाल्याची एखादी भाजी, वरणभात, बटाटे. भाजी शनिवारीच आणून ठेव, सोमवारी दारं बंद मिळतील.

आईशीही एक बोलणं आधी करून घे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सांगलीच्या वाड्यातलं सोवळं चालणार नाही. सासूबाईंना ओट्यापाशी उभं राहू द्यावं, घट जवळून बघू द्यावा, विचारतील ते सांगावं. इंग्रजीचं काय म्हणशील तर बाबा आहेत, नाहीतर तू आहेस. नऊ दिवसांत उगवणारं धान्य बघायला बसलेली बाई आणि पिकाचे आभार मानायला आलेली बाई यांना बोलायला विषय शोधावा लागणार नाही. आणखी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. जेवण झाल्यावर टेबलावरच्या मेणबत्त्या फुंकून टाकायची तिकडे सवय असते. घटाचा दिवा कोणी मदत म्हणून विझवला तर तुझी आई दिवाळीपर्यंत झोपणार नाही. दारातच सांगून टाक. दिव्याच्या वर स्मोक अलार्म नाही ना, तेही बघ.

नोव्हेंबरच्या टेबलाचं मला जरा रागावून सांगायचंय. तू शाकाहारी आहेस हे सासूबाईंना माहीत आहे, पण शाकाहारी म्हणजे काय हे माहीत नाही, आणि तू सांगितलं नाहीस. पक्ष्याच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजलं की स्टफिंग शाकाहारी झालं असं त्यांना वाटतं. त्यात ओततात ते पाणी बहुतेक वेळा चिकनचंच असतं. रताळ्यावरचे मार्शमेलो जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे. ग्रेव्ही तर टर्कीच्याच रसाची. दोन आठवडे आधी फोन कर आणि दोनच गोष्टी माग: एक लहान भांडं स्टफिंग भाज्यांच्या पाण्यात, आणि अर्ध्या रताळ्यांवर मार्शमेलोऐवजी अक्रोड. एवढं कोणीही आनंदाने करतं. टेबलावर बसल्यावर कण्हत बटाटे खाण्यापेक्षा ते बरं. आणि एक पदार्थ तुझा ने, दरवर्षी तोच. हळूहळू तो त्या घराच्या यादीत जातो. कोणता ते खाली लिहिते.

आभाराची पाळी आली की मोठं काही सुचायची वाट बघू नकोस. आपल्याकडे घरच्या माणसाला तोंडावर आभार म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे जीभ अडखळणारच. एखादी घडलेली गोष्ट सांग. बर्फात गाडी रुतली तेव्हा सासरे फावडं घेऊन आले असतील, तुझ्या तापात कोणी सूप धाडलं असेल. तेवढं पुरतं.

आता सीमेचं, थोडक्यात. तुझा पासपोर्ट भारतीय असेल तर कॅनडाचं पीआर (कायम रहिवासी) कार्ड असूनही अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्याची तारीख आज बघ, नोव्हेंबरात नको. आय-९४चा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा, अर्ज आणि फी आधी ऑनलाइन भरता येते, पुलावरचा वेळ वाचतो. येताना पीआर कार्ड जवळ हवं. सासूसासऱ्यांना पासपोर्ट आणायला सांगा, साध्या लायसन्सवर भागत नाही. पीस ब्रिज तुंबला असेल तर लुइस्टन-क्वीन्स्टनचा पूल बघा, निघण्याआधी किती वेळ लागतोय ते फोनवर दिसतं. खाण्याचं काहीही असो, विचारलं की सांगून टाकायचं. ताजा कढीपत्ता पर्समध्ये घालून नेऊ नकोस, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने अमेरिकेत तो अडवतात. आणि सासूबाईंनी हट्टाने तिकडून टर्की आणायचं काढलंच, तर नवऱ्याने हेही सांगावं की बर्ड फ्लूमुळे कोंबडी-टर्की नेण्याआणण्याचे नियम सारखे बदलतात, पुलावर जप्त झाली तर वाईट वाटेल.

बर्फाचं मात्र गंमतीवारी नेऊ नकोस. २०२२मध्ये थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात ईरी सरोवरावरून आलेल्या वादळाने बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्ककडे, सुमारे ८० इंच बर्फ टाकलं होतं, म्हणजे दोन मीटर. तुझं सासर त्याच अंगाला आहे. बुधवारी संध्याकाळी इशारा बघून ठरवा. रस्ता धोक्याचा असेल तर शनिवारी जा, उरलेल्या टर्कीचं सँडविच नवऱ्याला तसंही जास्त आवडत असेल.

तुझी,
ताई

ता. क. तुझा पदार्थ: क्रॅनबेरीचं लोणचं. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत ते होतं. ताज्या क्रॅनबेरीची ३४० ग्रॅमची पिशवी आण, धुऊन पूर्ण कोरडी कर. तेलात मोहरी, हिंग, चिमूटभर मेथ्या, हळद, मग क्रॅनबेरी. दोन-तीन मिनिटांत त्या फटफट फुटायला लागतात, तेव्हा तिखट, मीठ आणि मूठभर गूळ घालून विस्तव बंद कर. फार शिजवलंस तर जॅम होतो. बफेलोला नेताना तिखट अर्धंच घाल, आणि एक बाटली घरी आईबाबांसाठी पूर्ण तिखटाची ठेव.